तुम्ही विचारलंत म्हणून: "त्या बॅटरीवाल्यांना फोनची ऑर्डर मिळाली का हो?"

माझ्याकडे एनोविक्सचे थोडे शेअर आहेत हे कळल्यापासून जो भेटतो तो हेच विचारतो, ऑर्डर आली का आणि तो फोनवाला नक्की कोण. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही बॅटऱ्या बनवणारी अमेरिकन कंपनी 2021 मध्ये नॅसडॅकवर आली, मलेशियात पेनांगला कारखाना आहे, आणि बॅटरीच्या ॲनोडमध्ये, म्हणजे ऋण टोकात, ग्रॅफाइटऐवजी सिलिकॉन वापरते.

आता गिऱ्हाइकाचं नाव एनडीएमुळे, म्हणजे गुप्ततेच्या करारामुळे, कंपनीला सांगता येत नाही, मग लोक काय काय जोडत बसतात, सीईओ राज तल्लुरी आधी मायक्रॉन ह्या चिप कंपनीत मोबाईलचा धंदा बघायचे म्हणजे ओळखी असणारच, म्हणजे अमुक कंपनीच असणार, म्हणजे शेअर डबल! मला ह्या नावाच्या खेळात फारसा रस नाही.

कारण फोनवाले सॅम्पल घेतात ते आधी तपासायला. सिलिकॉन चार्ज होताना तिपटीहून जास्त फुगतं, ते दाबून धरायचं आणि सेलची जाडी वाढू द्यायची नाही हीच तर सगळी मारामारी आहे. बरं, एक चार्ज-डिस्चार्ज म्हणजे एक सायकल, ती चार तासांची धरा, हजार सायकल म्हणजे चार हजार तास, साडेपाच महिने नुसतं मशीनला लावून बसायचं, आणि मध्ये डिझाईन बदललं की परत पहिल्यापासून. त्यात घाई करायची कुणाची छाती नाही, सॅमसंगचा 2016 चा नोट 7 फोन सगळ्यांना आठवतो, आधी 25 लाख फोन परत मागवले, मग दुसऱ्या सप्लायरच्या बॅटऱ्या टाकून दिलेले फोनसुद्धा पेटले आणि ऑक्टोबरमध्ये मॉडेलच बंद. पहिल्या बॅटऱ्यांत सेलचा कोपरा दबलेला, दुसऱ्यांत वेल्डिंगची कूस आतला पडदा फाडून गेलेली, एवढंसं काम.

आणि जानेवारी 2023 मध्ये एनोविक्सचा शेअर एका दिवसात 40 टक्क्यांच्या आसपास आपटला तेव्हा काय कुणी ऑर्डर कॅन्सल केली होती? नाही, पेनांगच्या आधीच्या पहिल्या कारखान्यातली मशीनं हवी तशी चालत नाहीयेत आणि माल उशिरा निघणार एवढंच चेअरमननी सांगितलं होतं.

म्हणून मी तिमाही पत्र आलं की आधी पेनांगला शंभर सेलमागे चांगले किती निघतायत आणि सायकल टेस्ट कुठवर आली हे शोधतो, फोनवाल्याचं नाव नंतर. ते नाव मला तुमच्यासोबतच बातमीत कळणार, आणि तोवर भाव वर गेलेला असणार, तेव्हा टिप मागायला निदान माझ्याकडे तरी येऊ नका.