बांधावरचा कोअर: गटखेळांची नोंदवही

गटखेळात एकत्र येऊन झालेली कमाई वाटायची असते. ज्या वाटण्यांतून फुटून कुठल्याच गटाचा फायदा होत नाही, त्या सगळ्या मिळून कोअर. तो कधी रिकामा नसतो हे सांगणारी बोंदारेवा-शॅप्लीची अट मागच्या नोंदीत झाली. आता खेळात ग्राफ, म्हणजे कोण कुणाशी जोडलंय याचं जाळं, घातलाय. अर्थशास्त्रज्ञ मायरसननं १९७७ मध्ये मांडलं ते साधं आहे: ज्यांच्यात दुवा, तेच एकत्र येणार.

उदाहरण आमच्या गोदाकाठचं. अ, ब, क अशी तीन शेतं, नदीवरून पाइपलाइन करायची. कोणतेही दोघं एकत्र आले की ६० हजार वाचतात, तिसऱ्यानं भर पडत नाही (आकडे हिशेबाच्या सोयीचे). बंधन नसेल तर कोअर रिकामा. कशीही वाटणी करा, कुठल्या तरी दोघांना मिळून ६० पेक्षा कमीच येतात आणि ते फुटतात.

पण अ आणि क यांचा बांध लागून नाही, मध्ये ब. ती जोडी बाद झाली की कोअरमध्ये एकच वाटणी उरते: ०, ६०, ० (अ, ब, क क्रमानं, हजारांत). चुलत्यांना दाखवलं तर म्हणाले, "मग बसा म्हणावं त्याला एकट्याला मोटार घेऊन!" खरंय, पण कोअर न्याय बघतच नाही, फुटून कुणाचा फायदा होतो का एवढंच बघतो.

मायरसन मूल्य (सगळ्या शक्य क्रमांनी येताना, दुवे धरून, प्रत्येकानं घातलेल्या भरीची सरासरी) १०, ४०, १० देतं. अ-ब दुवा नसताना ते ०, ३०, ३० होतं. म्हणजे दुव्यानं अ आणि ब यांचे दहा-दहा वाढले, भुर्दंड सगळा क वर. वाटणी गोड, पण टिकत नाही: अ-ब मिळून ५०, फुटले तर ६०.

अर्थशास्त्रज्ञ दमांज यांचा २००४ चा निकाल मला जास्त आवडला. ग्राफमध्ये कडं (फिरून परत तिथंच येणारी वाट) नसेल आणि एकत्र येण्यात घाटा नसेल, तर कोअर रिकामा राहत नाही. असा ग्राफ झाडासारखा असतो: कुणालाही मूळ धरा, प्रत्येकाला त्याच्या येण्यानं खालच्या फांद्यांच्या कमाईत पडलेली भर द्या. पायथॉनमध्ये हे चालतंय. तिघांची बचत ९० धरली तर अ मूळ: ३०, ६०, ०. ब मूळ: ०, ९०, ०. क मूळ: ०, ६०, ३०. तिन्ही कोअरमध्ये.

मग शिवरस्त्यानं अ-क जोडले. ६० ला कोअर परत रिकामा, ९० ला फक्त ३०, ३०, ३०. सोय वाढली की भांडण वाढतं, ते असं.

सध्या चार शेतांचं कडं घेतलंय: कोणत्याही तिघांना ६०, चौघांनाही ६०, जोडीला शून्य. रिकामा. एक दुवा काढला की मधले दोघं ६० आपसात हवे तसे वाटून घेतात. मोठ्या ग्राफमध्ये कमीत कमी किती दुवे काढले की कोअर रिकामा राहत नाही, ते पुढच्या नोंदीत.