निळा डबा, पिवळा डबा

मेम्फिसला प्रोजेक्टवर आलो तेव्हा दीड वर्षात परत जायचं ठरलेलं, आता सात वर्षं होत आली आणि घरात चारशेच्या वर गाण्यांच्या छोट्या तबकड्या साठल्यात, सगळ्या एकाच लेबलच्या, म्हणजे मेम्फिसच्याच एका सोल संगीताच्या रेकॉर्ड कंपनीच्या. स्टॅक्स. बायको म्हणते लोक अमेरिकेत येऊन घर घेतात, तू दुसऱ्यांच्या माळ्यावरची अडगळ विकत घेतोस आणि वर ती फडक्याने पुसत बसतोस. पुसतो खरा.

एकच लेबल का, तर त्याला शेवट आहे म्हणून. १९५७ ला सुरू, १९७५ च्या डिसेंबरात दिवाळं, मधे जे छापलं ते छापलं. आणि प्रत्येक तबकडीवर नंबर असतो. लहानपणी पोस्टाची तिकिटं जमवलेल्या माणसाला नंबर दाखवू नये, मधला एक नसला की झोप लागत नाही.

कंपनी काढली ती बँकेत नोकरी करणाऱ्या जिम स्टुअर्ट नावाच्या माणसाने, जो फावल्या वेळात कंट्री म्युझिकचं फिडल वाजवायचा. थोरली बहीण एस्टेल अ‍ॅक्स्टन, तीही बँकेतच. रेकॉर्डिंगचं मशीन घ्यायला हिने स्वतःचं घर गहाण टाकलं, म्हणजे भाऊबीजेला बहिणीनेच ओवाळणी घातली म्हणा ना. आधी नाव होतं सॅटेलाइट, ते बदलून स्टुअर्टमधलं स्ट आणि अ‍ॅक्स्टनमधलं अ‍ॅक्स जोडलं. आपल्याकडे बंगल्यांना नवराबायकोची नावं जोडून नाव देतात तसंच, आणि मला त्या कंपनीबद्दल पहिल्यांदा जिव्हाळा वाटला तो इथे.

स्टुडिओ म्हणजे मॅकलेमोर अ‍ॅव्हेन्यूवरचं बंद पडलेलं थिएटर. खुर्च्या काढल्या, पण जमिनीचा उतार तसाच राहिला. जिथे पॉपकॉर्न विकायचे तिथे एस्टेलबाईंनी रेकॉर्डचं दुकान टाकलं, गल्लीतली पोरं गाणी ऐकायला यायची आणि त्यातलीच काही आत जाऊन वाजवायला लागली. बुकर टी. जोन्स हा त्यातलाच, 'ग्रीन अनियन्स' ही धून वाजवली तेव्हा सतरा वर्षांचा. काळ १९६२ चा, शहरात काळ्यागोऱ्यांचं सगळं वेगवेगळं, आणि आत एकाच बँडमधे दोघं मिळून वाजवतायत. मूळ बिल्डिंग १९८९ ला पाडली, त्याच जागी आता तशीच बांधून म्युझियम केलंय. पाहुणे आले की मी नेतो, ते स्टॅक्सचा गायक आयझॅक हेजच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या गाडीशी फोटो काढतात.

तर डबे. माझ्याकडे दोन आहेत. निळ्यात १९६८ च्या मध्यापर्यंतच्या रेकॉर्ड्स, लेबल फिकट निळं, वर तबकड्यांच्या चळतीचं चित्र (व्होल्ट हे त्यांचंच दुसरं लेबल, तेही ह्यातच कोंबतो). पिवळ्यात त्यानंतरच्या, पिवळं लेबल आणि चुटकी वाजवणारा हात. आधी मला वाटायचं डिझाइन बदललं असेल, कंपन्या बदलतात. नंतर कळलं की ही वाटणी आहे. स्टॅक्सच्या रेकॉर्ड्स देशभर पोचवायचं काम न्यूयॉर्कच्या अटलांटिक कंपनीकडे होतं आणि १९६५ च्या लेखी करारात असं होतं की वितरणासाठी दिलेल्या सगळ्या मूळ टेप्स अटलांटिकच्या. जिमने सही केली, वाचलं नाही, हे त्यानेच पुढे कबूल केलं. अटलांटिक विकली गेली, नवीन बोलणी सुरू झाली तेव्हा १९६८ ला समजलं की आपण गायलेलं, वाजवलेलं आपलं नाहीच. बँकेतला माणूस, दुसऱ्यांचे कागद दिवसभर तपासणारा! आमच्या कोकणातल्या घराच्या कागदावरही आजोबांनी अशीच "वाचायचं काय त्यात, घरातलेच आहेत" म्हणून सही केली होती, त्यामुळे मी जिमला हसत नाही.

आणि मग हात हलवत पुन्हा एकपासून नंबर सुरू केले. पिवळ्या डब्यातली पहिली, शून्य शून्य शून्य एक, 'सोल लिंबो'. ही चाल तुम्ही ऐकली असेल, बीबीसीच्या क्रिकेटची. मी ती पहिल्यांदा लावली तेव्हा शेजारच्या खोलीतून मित्र ओरडला, मॅच आहे का रे?

रॉकवाल्यांसाठीही स्टॅक्सकडे थोडं आहे. बिग स्टार हा मेम्फिसचाच बँड, नाव किराणा दुकानाच्या साखळीवरून घेतलेलं. १९७२ च्या त्यांच्या पहिल्या अल्बमचं वितरण स्टॅक्सकडे, तारीफ झाली पण दुकानात माल पोचेना, त्यामुळे तेव्हा फारसा खपला नाही. मला मूळ प्रत परवडत नाही, सध्या नुसता बघून येतो.

घेताना आधी नखाने हलकं टिचकवून बघायचं. व्हिनाइल आणि स्टायरीन ही तबकड्यांची दोन प्लॅस्टिकं; व्हिनाइल दबकं वाजतं, स्टायरीन काचेसारखं टिक करतं. स्टायरीन लवकर झिजतं, सुई जरा जड असली की घासल्याचा आवाज धरतं, आणि त्यावरचा कागद चिकटवलेला असतो म्हणून कडेने सुटतो. ही अक्कल पैसे घालवून आली. त्याहून महाग अक्कल म्हणजे पहिल्या जुलैत अकरा रेकॉर्ड्स गाडीच्या डिकीत विसरलो, मेम्फिसचा जुलै, संध्याकाळी काढल्या तर तळायला टाकलेल्या पापडासारख्या वळलेल्या. त्यातली एक मी अजून फेकली नाही, लावली की गाणारा झोक्यावर बसून गातोय असं वाटतं.

निळ्या डब्यातली जिवापलीकडची म्हणजे व्होल्ट १५७, गायक ओटिस रेडिंगचं 'डॉक ऑफ द बे'. डिसेंबर १९६७ ला त्याचं विमान विस्कॉन्सिनमधे तळ्यात कोसळलं, तो गेला तेव्हा सव्वीस वर्षांचा होता, आणि गिटारवाल्या स्टीव्ह क्रॉपरने लगेच त्याच दिवसांत बसून गाणं पूर्ण केलं, त्यात लाटांचे, सीगल्सचे आवाज घातले. जानेवारीत बाजारात आलं. माझी प्रत खरखरते, भोकाच्या कडेला कोणीतरी पेनाने नाव लिहून परत खोडलंय.

परवा ती लावली आणि आईचा फोन आला, बंद करायचं राहिलं. ती बोलता बोलता थांबली. "समुद्रावर गेलायस का रे?"

"नाही गं, घरीच. इथे समुद्र नाही, नदी आहे."

"मग ही गाज कसली?"

म्हटलं थांब, फोन जवळ धरतो, पहिल्यापासून लावतो.