तुम्ही विचारलंत म्हणून: बल्ब काय वाईट?

"पांढरोच उजेड होयो तर बल्ब काय वायट गो?"

लेझरच्या एका रंगातून पांढरा उजेड काढायचा, हे माझं काम. वेंगुर्ल्याला घरी आले की आत्याचा हा प्रश्न ठरलेला. कॉलेजात बोलायला गेले तर मुलंही हेच विचारतात: लेझर एका रंगाचा असतो, मग त्यातून सगळे रंग काढायचा खटाटोप कशाला? दर वेळी मी दोन वाक्यांत गुंडाळते. आज नीट सांगते.

बल्बचा उजेड चहूकडे पांगतो. कितीही भिंगं लावा, फायबरच्या, म्हणजे केसासारख्या काचेच्या धाग्याच्या, चार मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागांच्या) गाभ्यात तो पुरेसा शिरत नाही. लेझरचा शिरतो. शंभर फेमटोसेकंदांचा पल्स, म्हणजे प्रकाशाचा ठोका, घ्या (फेमटोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दशलक्षावा भाग). तेवढ्या वेळात प्रकाश जेमतेम ३० मायक्रॉन पुढे सरकतो. असा पल्स त्या बारीक काचेत गेला की तीव्रतेमुळे काचेचा अपवर्तनांकच बदलतो आणि पल्समध्ये नवे रंग तयार होत जातात. बाहेर येतो तो पांढरा उजेड, तरीही एका ठिपक्यावर आणता येणारा. त्वचेच्या आतले थर प्रकाशाने पाहायचे तर हेच लागतं. वर्णपट जितका रुंद, तितके जवळजवळचे थर सुटे दिसतात.

रुंदीचं वेड मला इथूनच लागलं. २००० साली अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेत रांका, विंडेलर आणि स्टेंट्झ यांनी ७५ सेंटिमीटर फायबरमधून ३९० ते १६०० नॅनोमीटरपर्यंतचा, म्हणजे जांभळ्यापासून डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्तापर्यंतचा, वर्णपट काढला होता. तो आलेख मी कितीदा पाहिला असेन! मलाही तसाच हवा होता.

माझ्या डिझाइनमध्ये १०६० नॅनोमीटरचा, २०० फेमटोसेकंदांचा पल्स होता आणि मीटरभर फायबर. संगणकावरच्या गणितात वर्णपट ५५० ते १६०० पसरला. फायबर आलं, जोडलं, आणि स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे कुठला रंग किती ते मोजणाऱ्या यंत्रावर, हुबेहूब तसाच, गुळगुळीत वर्णपट उमटला. मी त्याच संध्याकाळी बाबांना फोन करून सांगितलं, जमलं.

त्वचेचं पहिलं चित्र आलं त्यात थर नव्हतेच. नुसता रवाळ करडेपणा. तीन आठवडे मी डिटेक्टरला दोष दिला, मग आरशांच्या जुळणीला. शेवटी माझ्याहून धाकट्या सहकाऱ्याने ते पल्स लांबलचक फायबरमधून सोडले. त्यात रंग वेगवेगळ्या वेळी पोचतात, म्हणून ऑसिलोस्कोपवर प्रत्येक पल्सचा वर्णपट सुटा दिसतो. एका पल्समध्ये १३०० च्या आसपास उंच शिखर. पुढच्यात तिथेच खड्डा. तिसऱ्यात शिखर भलतीकडेच. आमचा लेझर सेकंदाला आठ कोटी पल्स सोडायचा आणि स्पेक्ट्रोमीटर दहा मिलिसेकंद उघडा राहायचा. म्हणजे मी कौतुकाने पाहत होते ती आठ लाख पल्सची सरासरी होती. थर पाहायला मात्र प्रत्येक पल्स सारखा लागतो.

पल्स लांब असला की क्वांटम नॉइज, म्हणजे प्रकाशात मुळातच असलेली बारीक थरथर, त्याच्यावर वाढत जातो आणि पल्स दर वेळी वेगळा फुटतो. माझ्या प्रोग्राममध्ये तो नॉइज मी घातलाच नव्हता. चार ओळींचं काम होतं. पण नॉइज घातला की एक रन, म्हणजे ते गणित एकदा चालवणं, पुरत नाही, शंभर लागतात, आणि मला उत्तराची घाई होती. त्या वेळी मी म्हणाले, पहिल्या फेरीत सगळे असंच करतात. करतातही. पण २००७ साली सोली, रोपर्स, कूनात आणि जलाली यांनी 'नेचर'मध्ये अशाच फायबरमधल्या प्रकाशाच्या, क्वचितच उसळणाऱ्या राक्षसी लाटांवर लिहिलं होतं, ते मी वाचलं होतं, माझ्या अहवालात त्याचा उल्लेखही केला होता. रापणकाराच्या, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमाराच्या, घरात वाढलेल्या मला लाटांची सरासरी म्हणजे काय, हे कुणी शिकवायला नको होतं. हे आजही लागतं.

आता मी ५० फेमटोसेकंदांचे पल्स आणि सर्वत्र नॉर्मल डिस्पर्शन असलेलं, म्हणजे ज्यात सगळ्या वर्णपटात लांब लहरींचे रंग आखूड लहरींच्या पुढे पळतात असं, फायबर घेते. प्रत्येक पल्स जवळजवळ सारखा निघतो. वर्णपट मात्र अरुंद, ८५० ते १३०० च्या आसपास. निळा नाही, हिरवा नाही. पांढरा म्हणावा असा उजेडच उरत नाही, आणि आत्याला मी कुठल्या तोंडाने सांगू की बल्बपेक्षा हा बरा?

शिवाय ते पहिलं फायबर टाकाऊ नव्हतं. पेशींमधले रंगद्रव्य चमकवून पाहणाऱ्यांना सरासरी चालते, त्यांना ते आवडलं असतं. मग मी चुकले कुठे, डिझाइनमध्ये की ते कुणाला द्यायचं यात? कधी हे वाटतं, कधी ते.

पावसामुळे सकाळपासून दोनदा वीज गेली. इन्व्हर्टरवर शंभरातला एकेचाळिसावा रन चालू आहे. या वेळी मी निळ्या बाजूला थोडं पुढे सरकून पाहतेय.