सातवा मणी

माझ्या जपमाळेतला एक मणी नाही. तिसऱ्या दशकातला, म्हणजे दहा मण्यांच्या तिसऱ्या गटातला, सातवा. काचेचा होता, कधीतरी तडकून गळून पडला असणार. त्याच्या पोटातली तार तेवढी जागेवर राहिली आहे. माळ ओढताना बोटं सवयीने गुळगुळीत मण्यांवरून पुढे सरकत असतात आणि त्या एका जागी तार टोचते. फार नाही, पण टोचते.

माळेची ही दशा व्हायचं कारण तिचा मुक्काम. ती राहते माझ्या पर्सच्या तळाशी, किल्ल्यांच्या जुडग्याशेजारी, आणि रात्रभरात त्या दोघींचं काय गूळपीठ होतं देव जाणे. सकाळी बसल्यावर पहिली दोन मिनिटं त्यांना सोडवण्यात जातात. पूर्वी ही दोन मिनिटं मी प्रार्थनेत धरत नसे. आता धरते. तेवढीच बेरीज.

बेरजेचा हा सोस जुना आहे. काही वर्षांपूर्वी तीन दिवसांच्या मौन साधनेला गेले होते आणि येताना बॅगभर संकल्प घेऊन आले. पहाटे साडेचारला उठायचं, अर्धा तास ध्यान, मग शुभवर्तमानाचं वाचन, चर्चमधली रोजची मिस्सा, संध्याकाळी जपमाळ, झोपण्यापूर्वी आत्मपरीक्षण. एक वही केली, पट्टी घेऊन रकाने आखले, हिरव्या शाईने बरोबरच्या खुणा करायला लागले. पहिल्या आठवड्यात मी घरात अशी काही वावरत होते की नवऱ्याने मुलाला हळूच विचारलं, "आईला बरं नाही का रे?" नऊ दिवस टिकलं. दहाव्या दिवशी मुलाला ताप आला, अकराव्या दिवशी मला, आणि पुढे त्या वहीत इस्त्रीच्या कपड्यांचा हिशेब सुरू झाला. हिरव्या शाईनेच.

त्यानंतर पापनिवेदनाला गेले तेव्हा ही सगळी रड फादरना ऐकवली. त्यांनी शांतपणे विचारलं, "रोज किती वेळ प्रार्थना करता?"

"अर्धा तास ठरवलाय, फादर."

"ठरवलाय किती, ते नाही विचारलं मी."

मी गप्प.

"दहा मिनिटं जमतील?"

दहा मिनिटं! मला अपमानच वाटला. एखाद्या गायिकेला फक्त सा लावायला सांगावा तसा. पण जमतील, असं मी म्हणाले. तर ते म्हणाले, "मग दहाच. अकरावं करायचं नाही."

ही अकराव्या मिनिटाची बंदी मला त्या वेळी विचित्र वाटली होती. तिच्यातली खोच फार उशिरा कळली. उत्साह आला की मी पाऊण तास बसणार, त्या पाऊण तासावर स्वतःच खूश होणार, आणि दुसऱ्या दिवशी तेवढा वेळ मिळणार नाही म्हणून मुळीच बसणार नाही. मला बरोबर ओळखलं होतं त्यांनी. शिवाय त्यांच्या पाठीशी संत बेनेडिक्ट होते. सहाव्या शतकात त्यांनी मठवासीयांसाठी 73 प्रकरणांचा नियम लिहिला. त्यातलं विसावं प्रकरण प्रार्थनेवर आहे आणि ते इवलंसं आहे. प्रार्थना थोडकी आणि निर्मळ असावी, देवाच्या प्रेरणेने लांबली तर गोष्ट वेगळी, असं ते म्हणतात. ज्यांचं सगळं आयुष्य प्रार्थनेसाठी राखलेलं होतं त्यांना हे सांगितलं, तर आमची काय कथा.

याच नियमात आणखी एक जागा आहे, ती वाचून मला दर वेळी हसू येतं. आठवड्याभरात बायबलमधली सगळी 150 स्तोत्रं म्हणून झालीच पाहिजेत, असं बेनेडिक्ट बजावतात आणि पुढे खंत करतात, की आपले पूर्वज एवढं एका दिवसात म्हणत, आपण कोमट माणसं, निदान आठवड्यात तरी म्हणूया. पुढे 1971 मध्ये प्रहरांच्या प्रार्थनेचं, म्हणजे दिवसाच्या ठरावीक वेळी म्हणायच्या स्तोत्रांचं, नवं पुस्तक आलं आणि जवळजवळ तीच स्तोत्रं चार आठवड्यांवर पसरली. एक दिवस, मग आठवडा, मग महिना. बेनेडिक्टना आजचं वेळापत्रक दाखवलं तर कोमटच्या पुढचा शब्द त्यांना शोधावा लागेल.

ही प्रहरांची प्रार्थना म्हणजे फक्त फादरांचं आणि सिस्टरांचं काम, अशी माझीही समजूत होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, 1963 सालीच उपासनेवरच्या दस्तऐवजात लिहून ठेवलं आहे, की प्रापंचिकांनीही ती म्हणावी: धर्मगुरूंबरोबर, आपापसात, नाहीतर एकट्याने. मी उत्साहाने पुस्तक आणलं. त्याला रंगीत फिती होत्या. एक आजच्या स्तोत्रांची, एक संतांच्या सणांची, एक ऋतूची, एक कशाची ते आजतागायत कळलेलं नाही. पानं उलटता उलटता सकाळची प्रार्थना दुपारची व्हायला आली. शेवटी मी एकच प्रहर धरला, रात्रीचा. त्याची मोठी सोय अशी, की रविवारची स्तोत्रं रोज म्हटली तरी चालतात. म्हणजे हळूहळू पाठ होतात आणि दिवा मालवूनही म्हणता येतात. ही सवलत ज्या कुणी ठेवली, तो दिवसभर राबून आलेला माणूस असणार.

या सगळ्या प्रहरांची सुरुवात एकाच ओळीने होते. स्तोत्रकर्ता देवाला म्हणतो, मला सोडवायला ये, लवकर ये. शांतपणे बसायचं म्हणून बसावं आणि पहिलं वाक्य काय, तर "लवकर ये"! मला हे फार आवडतं. घाईत असलेल्या माणसाला निदान भाषा तरी ओळखीची वाटते.

जपमाळेचा उगमही या स्तोत्रांशीच जोडलेला आहे. मठात 150 स्तोत्रं म्हटली जात. ज्यांना वाचता येत नव्हतं ती साधी माणसं त्यांच्याऐवजी 150 वेळा ‘आमच्या स्वर्गीय पित्या’ म्हणत, पुढे ‘नमो मारिया’. एकेका दशकाला येशू-मरियेच्या आयुष्यातला एक प्रसंग मनात आणायचा, त्याला रहस्य म्हणतात. आनंदाची, दुःखाची आणि गौरवाची, अशी पंधरा रहस्यं, पंधरा दशकं, हिशेब चोख. 2002 च्या ऑक्टोबरमध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रकाशाची पाच रहस्यं सुचवली आणि बेरीज 200 झाली. काही जाणकारांना तो जुना 150 चा मेळ मोडल्याची चुटपुट लागली. मी बेरीज-वजाबाकीतली बाई असूनही मला नाही लागली. काना गावच्या लग्नाचं रहस्य आलं ना त्यात. द्राक्षारस संपल्याचं जिच्या आधी लक्षात येतं ती मरिया मला घरातली वाटते. दुसऱ्याच्या कार्यात गेल्यावरही स्वयंपाकघरात काय कमी पडतंय हे जिला दिसतं, तशी.

आता मुख्य दुखणं. दहा मिनिटं तर दहा मिनिटं, पण मन कुठे बसतंय? मी खिडकीजवळच्या खुर्चीत बसते. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवते, उपडा. तरी कान तिकडेच. पहिल्या रहस्यात देवदूत मरियेला निरोप सांगतोय आणि मी मनातल्या मनात गॅसचं बिल भरतेय. दुसऱ्यात मरिया एलिसाबेथला भेटायला डोंगराळ भागात निघालीय आणि मला आठवतंय की जाऊबाईंचा फोन आला होता, उलट केलेला नाही. का केला नाही, तर मागच्या खेपेला त्या जे बोलल्या ते. मग त्या काय बोलल्या, मी काय बोलायला हवं होतं, ते किती मार्मिक झालं असतं... असं रचत रचत मी एकटीच भांडत बसलेली असते. तोंडाने ‘नमो मारिया’ चालूच. बोटं पुढे सरकताहेत. आणि मग तार टोचते.

त्या तारेपाशी मी परत येते. बरेचदा तिसरं दशक उजाडेपर्यंत मी तिथे नव्हतेच, हे मला तेव्हा कळतं.

याची पूर्वी फार लाज वाटायची. मग संत तेरेझा आव्हिलाकर यांच्या आत्मचरित्रातली कबुली वाचली. प्रार्थनेचा ठरवलेला तास कधी एकदा संपतो आणि घड्याळाचा ठोका कधी पडतो, याकडेच आपलं ध्यान असायचं, असं त्या सरळ लिहून ठेवतात. एक-दोन दिवस नाही, काही वर्षं! आणि याच बाईंना 1970 साली चर्चने आचार्य, म्हणजे सगळ्या चर्चची गुरू, ठरवलं, तो मान मिळालेल्या पहिल्या स्त्रीसंत त्या. लिस्यूची संत तेरेझा तर प्रार्थनेत चक्क झोपायची. त्यावरचं तिचं समर्थन एखाद्या हुशार शेंडेफळाला शोभेलसं आहे: आईबापांना लेकरं जागी असताना आवडतात तशी झोपलेलीही आवडतात, आणि शस्त्रक्रिया करायची तर डॉक्टर आधी रोग्याला झोपवतातच की! ती गेली तेव्हा चोवीस वर्षांची होती. 1997 मध्ये तीही आचार्य झाली. या दोघींमुळे मला धीर येतो. आपण आचार्य होऊ म्हणून नव्हे. घड्याळाकडे बघणारी आणि डुलक्या काढणारी माणसंही त्या खोलीत जमेस धरली जातात म्हणून.

निवांत जगण्याचंही माझं असंच झालं. मला वाटायचं, निवांतपणा म्हणजे आवाज नसणं. त्यासाठी मी घरातल्यांवर ओरडायची. वॉशिंग मशीन, वरच्या मजल्यावरची मुलं, दारावरची बेल, सगळे माझ्या शांतीचे वैरी. एकदा तर हातात जपमाळ घेऊन मी "जरा गप्प बसा रे!" असं ओरडले की मुलगा म्हणाला, "आई, तू देवाशी बोलतेयस की आमच्याशी?"

संत पौलांनी थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात एक साधा उपदेश आहे. शांत राहण्याची, आपापलं काम बघण्याची आणि स्वतःच्या हातांनी राबण्याची हौस धरा. मूळ ग्रीकमध्ये इथे जे क्रियापद आहे त्यात मानाची आस, महत्त्वाकांक्षा असा अर्थ दडलेला आहे म्हणे. म्हणजे लोक जशी नावलौकिकासाठी धडपडतात तशी निवांत राहण्यासाठी धडपडा! पौल स्वतः तंबू शिवून पोट भरणारा माणूस. जाड कापडातून सुई काढता काढता त्याला हे सुचलं असेल, असं मला उगीचच वाटतं. आणि त्यातलं ‘आपापलं काम बघा’ हे सगळ्यांत अवघड. हातांनी राबायला माझी ना नाही. पण कुटुंबाच्या ग्रुपवर कुणीतरी काहीतरी चुकीचं लिहिलेलं असताना त्याला न सुधारता झोपी जाणं, हे खरं मौनव्रत. पाच वेळा लिहून पाच वेळा पुसलं आहे मी. सहाव्यांदा पाठवलं, तेही कबूल करते.

संत फ्रान्सिस द सेल्स यांनी 1609 साली संसारातल्या माणसांसाठी म्हणून भक्तीवर पुस्तक लिहिलं, तेव्हा हाच घोळ त्यांच्यासमोर असावा. बिशपांनी कार्थुसियन मठवासीयांसारखं एकांतात राहायचं ठरवलं, लग्न झालेल्यांनी कॅपुचिन संन्याशांप्रमाणे गाठीला काहीच ठेवलं नाही, कारागीर दिवसभर चर्चमध्ये बसून राहिला, तर ही भक्ती हास्यास्पदच नाही का होणार, असं ते विचारतात. ज्याची त्याची भक्ती त्याच्या कामाला, ताकदीला बेतून शिवलेली हवी. माझी हिरव्या शाईची वही म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा झगा होता. त्यात पाय अडकून मी पडले, यात नवल ते काय.

सध्या माझं माप असं आहे. सकाळी खुर्चीत दहा मिनिटं, त्यातली दोन गुंत्याची. त्यात पूर्ण माळ बसत नाही, मग उरलेली दशकं जमतील तशी, कधी लिफ्टची वाट बघत, कधी बसमध्ये, पर्समध्ये हात घालून. बाजूच्या बाईला वाटतं, मी सुटे पैसे शोधतेय. रात्री अंधारात पाठ झालेलं स्तोत्र आणि म्हाताऱ्या शिमोनाचं गीत. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली तो बाळ येशू हातात आल्यावर, आता मला शांतीने जाऊ दे, असं तो मंदिरात म्हणाला, ते. दिवसभरात माझ्या हातात तसं काही आलेलं नसतं. तरी म्हणते. पुष्कळदा मधेच झोप लागते. तेव्हा लिस्यूच्या तेरेझेला साक्षीला ठेवते.

परवा संध्याकाळी नवऱ्याने टेबलावर पक्कड, तारा, लहान स्क्रू यांचा पसारा मांडला होता. चष्म्याची काडी दुरुस्त करत होता. माझ्या हातातल्या माळेकडे लक्ष गेलं त्याचं.

"आण ती इकडे. मुलाच्या जुन्या माळेतला एक मणी काढून बसवून देतो, दोन मिनिटांचं काम."

"असू दे," मी म्हटलं.

"अगं, तार बोटात घुसेल एक दिवस. आणि मोजताना चुकत नाहीस?"

"चुकते ना. पण तिथे नाही."

त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. चष्म्याला अजून एकच काडी होती, तो नाकावर तिरका बसला होता. मग तो परत स्क्रू शोधायला लागला. मी गुंता सोडवायला घेतला.