महागड्या केबलमध्ये पैसे नेमके कशाचे पडतात?

पुण्यात बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत शंभर-दीडशे रुपयांना मिळणारी टाइप-सी केबल आणि मॉलमधल्या चकचकीत दालनात दोन हजारांना मिळणारी केबल वरून सारख्याच दिसतात. त्यामुळे ‘महाग ती चांगली’ किंवा ‘सगळ्या सारख्याच’ अशी दोन टोकाची मते ऐकू येतात आणि मला दोन्ही अपुरी वाटतात. फरक खरा असतो, परंतु तो किमतीवरून नव्हे, तर आतल्या तांब्यावरून ठरतो.

तारेची जाडी गेजमध्ये मोजतात आणि गेजचा आकडा जितका मोठा, तितकी तार बारीक. 28 गेजच्या बारीक तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे 0.21 ओहम असतो, तर 24 गेजच्या जाड तारेचा सुमारे 0.08 ओहम. वीज एका तारेने जाते आणि दुसरीने परतते, म्हणून एक मीटरच्या केबलमधून 2 अँपिअर प्रवाह नेताना बारीक तारेत जवळजवळ 0.85 व्होल्ट वाया जातात, तर जाड तारेत साधारण 0.34 व्होल्ट. चार्जर मुळात 5 व्होल्टच देत असेल, तर ही गळती मोठी आहे. फोन प्रवाह कमी करतो आणि चार्जिंग रेंगाळते. केबल लांब घेतली की हा तोटा त्याच प्रमाणात वाढतो, त्यामुळे पलंगापर्यंत पोहोचणारी दोन मीटरची केबल घेणाऱ्याने तारेच्या जाडीची चौकशी अवश्य करावी.

लॅपटॉपसाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलमधून 3 अँपिअरहून अधिक प्रवाह हवा असेल, तर तिच्यात ई-मार्कर नावाची, केबलची क्षमता चार्जरला कळवणारी छोटी चिप लागते. ती नसेल तर 100 वॅटचा चार्जरही 60 वॅटच्या पुढे जात नाही. या चिपसाठी दिलेले जास्तीचे पैसे मी योग्य मानतो. जुन्या चौकोनी यूएसबीपासून टाइप-सीकडे जाणाऱ्या केबलमध्ये 56 किलोओहमचा रोधक, म्हणजे किती प्रवाह मागायचा हे फोनला कळवणारा छोटा भाग, असावा लागतो. तिथे चुकीचा रोधक असला, तर फोन त्या जुन्या पोर्टकडून झेपणार नाही इतका प्रवाह मागतो. गूगलमधील अभियंता बेन्सन लियुंग यांनी 2015 पासून अशा सदोष केबली तपासून त्यांची माहिती लोकांपुढे ठेवली, हे काम मला फार मोलाचे वाटते.

सोन्याचा मुलामा आणि विणलेले आवरण यांनी माहिती अधिक ‘शुद्ध’ होत नाही. फाइल पाठवताना प्रत्येक तुकड्याची तपासणी होते आणि बिघडलेला तुकडा पुन्हा पाठवला जातो, म्हणून छायाचित्र एक तर जसेच्या तसे पोहोचते किंवा पोहोचतच नाही. विणलेले आवरण घासणे सोसते, इतकेच.

वेग मात्र केबलवर अवलंबून असतो. आयफोन 15 प्रो सेकंदाला 10 गिगाबिटपर्यंत माहिती देऊ शकतो, पण खोक्यात मिळणारी केबल 480 मेगाबिटचीच आहे. ज्यांना फक्त चार्जिंग करायचे आहे त्यांना याने काही फरक पडत नाही; लग्नसमारंभांचे चित्रीकरण करणाऱ्यांना मात्र तासांचा फरक पडतो. 40 गिगाबिटचा वेग साध्या केबलमधून सुमारे 80 सेंटिमीटरपर्यंतच टिकतो. त्याहून लांब केबलमध्ये संकेत सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा टोकांतच बसवावी लागते, आणि तिच्यासाठी चार-पाच हजार मोजावे लागले तरी ते मला रास्त वाटतात.