ड्रॅगनमधला मासा

"आई, ड्रॅगन पाण्यातच राहतो ना?" लायब्ररीतलं फिनिश पुस्तक वाचताना लेकीनं आज विचारलं. तिनं वहीत काढलेल्या ड्रॅगनला पंख नव्हतेच. माशाचे पर होते आणि पाठभर गुलाबी खवले.

तिचं काय चुकलं? फिनिशमध्ये ड्रॅगन म्हणजे 'लोहिक्यार्मे'. 'लोहि' म्हणजे सॅमन मासा, 'क्यार्मे' म्हणजे साप.

पण मासा यात शिरला कसा? मूळ शब्द जुन्या स्वीडिशमधला, 'फ्लोगद्राकी', उडणारा ड्रॅगन. जुन्या फिनिश जिभेला शब्दाच्या सुरुवातीचं जोडाक्षर पेलत नसे. म्हणून तर 'स्ट्रांड' म्हणजे किनारा, त्याचं झालं 'रांता', आणि स्टॉकहोमचं 'तुकहोल्मा'. तसाच 'फ्लोग'मधला फ गळला. उरलं ते ओळखीच्या 'लोहि'सारखं वाटलं, तेच रुळलं. 'द्राकी'चं मात्र सरळ भाषांतर झालं, साप.

१८०९पर्यंत फिनलंड स्वीडनच्याच राज्यात होतं, त्यामुळे अशी देवाणघेवाण शतकानुशतकं चालली. पण या शब्दात नेमकं उडणंच गळून पडलं, याची मला दिवसभर हुरहूर लागलीय. तरी त्याला अपभ्रंश म्हणायला जीभ रेटत नाही. लोकांनी न कळणाऱ्या आवाजात आपल्या नदीतला मासा ऐकला, किती जिवंत गोष्ट आहे ही!

तुमच्या कानावर असा एखादा शब्द आहे का?