‘साक’ म्हणजे पुरे

लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेली बाई हमखास विचारते, “बाई, आमची पोरगी सेकंड पीयूसीला, म्हणजे बारावीला आहे. तुमच्यासारखं त्या मुलांचं काम करायचं म्हणते. कुठल्या कॉलेजात घालू?” मी बेळगावात विशेष शाळेत, बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना शिकवते, म्हणून हा प्रश्न. खानापूरच्या बसमध्येही तोच येतो, पण तिथं माझं उत्तर पुरं व्हायच्या आत विचारणारीचा स्टॉप येतो. तुम्हीही तेच विचारलंत म्हणून आज सगळं सांगते.

कोर्सचं आधी सांगून टाकते. पीयूसीनंतर विशेष शिक्षणातलं डी.एड. दोन वर्षांचं असतं. त्यात बौद्धिक आणि विकासात्मक अक्षमतेची शाखा घ्यायची. पदवी झाली असेल तर विशेष बी.एड. करायचं. बोलण्याच्या आणि ऐकण्याच्या अडचणींवर काम करण्यात रस असेल तर बीएएसएलपी ही पदवी, इंटर्नशिप धरून चार वर्षं. म्हैसूरला त्यासाठी 1965 पासूनची केंद्र सरकारची संस्था आहे. फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, समाजकार्य, मानसशास्त्र या वाटाही याच कामाकडे येतात. एवढं लांब शिकणं जमणार नसेल तर भारतीय पुनर्वास परिषदेनं (या क्षेत्रातल्या अभ्यासक्रमांना मान्यता देणारी केंद्राची संस्था) 2021 मध्ये मेलबर्न विद्यापीठाच्या साहाय्यानं सुरू केलेला सहा महिन्यांचा सीबीआयडी, म्हणजे समुदायाधारित सर्वसमावेशक विकासाचा अभ्यासक्रम आहे. त्याचं साहित्य मराठीतही निघालं. तो केलेला माणूस वस्तीत, घरोघरी जाऊन काम करतो.

फी भरण्याआधी एक गोष्ट मात्र स्वतः तपासा. कॉलेज आणि तो कोर्स, दोन्हीला परिषदेची मान्यता त्या वर्षासाठी आहे का? मान्यता मुदतीची असते. परिषदेचा कायदा 1992 चा, आणि तिच्या नोंदवहीत नाव नसताना विशेष शिक्षक म्हणून काम करणं हा त्या कायद्यानं गुन्हा आहे. नोंद देशभर चालते. त्यामुळे महाराष्ट्रात मराठीतून शिकून बेळगावात काम करायला आडकाठी नाही. सरकारी भरतीचे नियम मात्र प्रत्येक राज्याचे आपापले.

पंगतीतलं उत्तर इथं संपतं. खरं उत्तर पुढं आहे, आणि ते मला कॉलेजात मिळालं नाही.

मी माहेरची कराडकडची. शिकले तिकडंच. माझ्या पदविकेवर ‘मतिमंदत्व’ हाच जुना शब्द छापलेला आहे. तेव्हा 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते आणि त्यात स्वमग्नतेचं (ऑटिझमचं) नावसुद्धा नव्हतं. 2016 च्या कायद्यानं ते एकवीस केले. लग्न होऊन बेळगावच्या शहापुरात आले आणि एका शाळेत लागले. पहिल्याच महिन्यात सात वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे दिला. घर मराठी, पण गल्ली कानडी, आणि दिवसभर त्याला सांभाळायची ती शेजारची आजीही कानडी. दुपारी त्याला भात भरवताना तो मान फिरवून “साक, साक” करायचा. मी फाइलमध्ये लिहिलं, ‘निरर्थक उच्चार, जेवताना वाढतात.’ आणि घास पुढं करत राहिले. पंधरा दिवस.

शेवटी भांडी घासणारी मावशी हात पुसत आली. “अहो बाई, पोरगं पुरे म्हणूलालंय की ओ! आणि काय घालूलालासा?”

कानडीत ‘साकु’ म्हणजे पुरे. ज्या पोराला बोलता येत नाही असं मी लिहून ठेवलं होतं, ते रोज मला नेमक्या वेळी नेमका शब्द सांगत होतं. ते पान मी फाडलं नाही. नवीन शिक्षिका आली की दाखवते.

कॉलेज नको असं मी म्हणत नाही. तिथं जे शिकले त्यावर आजही माझा दिवस चालतो. शर्ट घालणं शिकवायचं तर कामाचे तुकडे पाडायचे आणि शेवटून सुरुवात करायची. पाच बटणं आपण लावायची, सहावं त्यानं. मग पाचवं-सहावं त्यानं. दर वेळी काम त्याच्या हातून संपतं, म्हणून तो दुसऱ्या दिवशी परत हात पुढं करतो. हे आईच्या मायेतून आपोआप सुचत नाही, उलट माया सहाही बटणं लावून मोकळी होते. पण ‘बटण’ला त्या घरात काय म्हणतात, ते पुस्तक सांगत नाही. बुद्धिमापनाची चाचणी ज्या भाषेत घेतली ती मुलाच्या कानाची नसेल, तर कागदावर आकडा येतो तो भाषेचा. तोच आकडा मग पोराला आयुष्यभर चिकटतो.

तेव्हा मुलगी मराठी असेल तर आजपासून तिला कानडी शिकवा. नुसतं बोलणं नव्हे, वाचणंसुद्धा. मूल अठराचं झालं की आईबाप पालकत्वाचं विचारायला येतात. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांना कायदेशीर पालक नेमून मिळतो, आणि ते काम डीसींच्या, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती करते. त्याच न्यासाची निरामय नावाची एक लाखापर्यंतची आरोग्य विमा योजना आहे. सरकारी कागद कानडीत हाती पडला की येळ्ळूरचा शेतकरी बाप तो घेऊन बाईंकडेच येतो. भाषेवरून आपल्याकडे काय काय झालंय ते मला सांगू नका, मीही इथंच संसार केलाय. पण त्या बापापुढं बसून ‘मला वाचता येत नाही’ म्हणायची पाळी माझ्यावर आली होती. पस्तिसाव्या वर्षी ‘अ आ इ ई’ गिरवायला बसले.

अजून एक. मुलीला लहान मुलं आवडतात एवढ्यावर पाठवू नका. मुलं मोठी होतात. दाढी आलेला, ऐंशी किलोचा माणूस चिडून जमिनीवर बसला की काय करायचं, हेही याच नोकरीत येतं. पगार बेताचा असतो, तोही मुलीला आधीच सांगा.

कॉलेज ठरवायच्या आधी तिला पंधरा दिवस एखाद्या विशेष शाळेत नुसतं बसवा. पीयूसीचे पेपर मार्चात संपतात आणि एप्रिलच्या मध्याला आमच्याकडे सुट्टी लागते, तेव्हा मधले दिवस धरा. सकाळच्या प्रार्थनेला नको, तेव्हा सगळेच छान दिसतात. जेवणाच्या सुट्टीत पाठवा. आणि वही आणू नको म्हणावं.